चुन्याच्या रेघेखालचे साहेब

आमचे साहेब भेटले की नमस्कार करत नसत. समोरच्याच्या पायांकडे बघत आणि विचारत, "कोरडे का ओले?"

नवीन माणूस गोंधळायचा. मी तर पहिल्या दिवशी वाकून बुटांना हात लावून बघितला होता. उन्हाळ्याचे दिवस. वरोऱ्याहून चांदा, चांद्याहून मोटारीनं मूल, पुढे वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे आणि शेवटी बैलगाडी, अशी धूळ खात मी नोकरीवर हजर झालो होतो. घशातसुद्धा ओल उरली नव्हती.

"कोरडाच आहे, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी कीव आल्यासारखी मान हलवली. "तुम्ही अकरा फूट पाण्याखाली उभे आहात, भाऊ. वर पाहा जरा."

मी वर पाहिलं. डोक्यावरच्या मोहाच्या झाडाला, हात पोचणार नाही अशा फांदीशी, चुन्याचा पांढरा पट्टा ओढलेला होता.

हे एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधले दिवस. सरकारनं त्या नाल्यावर पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून मोठा तलाव करायचं ठरवलं होतं. मंजुरीच्या आधी वनखातं, महसूल आणि आमचं पाटबंधारे, अशी तिघांची कमिटी जागा पाहायला येणार होती. पाण्याखाली काय काय जाणार, झाडं किती, घरं किती, विहिरी आणि देव किती, हे सगळं तिच्यापुढे मांडायची तयारी आमच्या साहेबांकडे होती. मी त्यांचा ओव्हरसियर. बाकीचे साहेब असली तयारी तंबूत बसून नकाशावर करतात. आमच्या साहेबांचा नकाशावर काडीचा विश्वास नव्हता. "नकाशात पाणी निळं असते," ते म्हणायचे, "आणि कोणाच्या नाकातोंडात जात नाही."

म्हणून त्यांनी दुर्बिणीनं पातळी काढून, तलाव भरल्यावर पाणी जिथवर चढेल तिथवर सगळ्या झाडांना चुन्याचे पट्टे मारले होते. जमीन उंच असेल तिथे पट्टा गुडघ्याशी, सखल असेल तिथे शिडी लावून वर शेंड्याकडे. जिथे रेघ जमिनीलाच टेकायची, तो काठ. काठाच्या आत पाऊल टाकण्याआधी साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडत, मनगटावरचं घड्याळ काढून हॅटमध्ये ठेवत, आणि मगच पुढे जात. मोजणीच्या साखळ्या ओढणाऱ्या आमच्या पाच खलाशांनाही धोतर खोचायला लावत. बुडीत क्षेत्रात विडी ओढायला सक्त मनाई होती. पाण्यात विडी पेटत नाही, हे कारण. त्यामुळे तलफ आली की खलाशी काम टाकून टेकडी चढून काठावर जायचे, विडी ओढायचे आणि परत पाण्यात उतरायचे. काम रखडायचं, पण साहेबांचा त्याला आक्षेप नव्हता.

त्यांचा स्वतःचा तंबू ऐन मध्यभागी, सगळ्यात खोल जागी होता. वरच्या आमराईत छान सावली असताना हे तिथे उन्हात तळत का बसतात, असं मी एकदा विचारलं. "बुडवणार आपण," ते म्हणाले, "मग आधी आपण नको का बुडायला?" त्यांचा खानसामा मात्र कावला होता. "दहा हात पान्याखाली चूल पेटवून राह्यलो मी," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "आन् भात कच्चा राह्यला तं मलेच बोलते सायेब." साहेबांनी त्या मुक्कामात मासे खाणं सोडलं होतं. आता शेजारी झाले, म्हणायचे, बरं दिसत नाही.

चुन्याच्या कामाचा एक किस्सा त्या भागात अजून सांगतात. रेघ ओढणारा खलाशी जरा कमी बघायचा. दाट झुडपात एका काळ्या खोडाला त्यानं मन लावून पट्टा मारला आणि ते खोड उठून चालू लागलं. म्हैस होती. दुसऱ्या दिवशी ती चरत चरत टेकडीच्या माथ्यावर गेली, आणि लांबून पट्टा पाहून गावात बोंब झाली की सरकारनं पाळ वाढवली, आता टेकडीपण बुडते. माणसं बोचकी बांधायला लागली. साहेब स्वतः घरोघर जाऊन म्हशीबद्दल माफी मागून आले.

त्या दिवसापासून गावानं त्यांचं नाव बुडीतसाहेब ठेवलं. त्यांना ते आवडलं होतं.

पण साहेबांच्या जिवाला खरा घोर वेगळाच होता. नाल्याच्या एका अंगाला मोठं गाव, कुणबी आणि गोंडांचं. दुसऱ्या अंगाला ढिवरटोला, मासे धरणाऱ्यांची पंधरा-वीस घरं. दोहोंच्या मध्ये सखल रान, आणि त्या रानातून नाला ओलांडून जाणारी एक पायवाट. ही वाट कुठल्याच सरकारी कागदात नव्हती, कारण ती कोणी बांधलेली नव्हती. माणसांच्या नि बैलांच्या पायांनी पडलेली होती. ढिवरटोल्यात एक सुईणबाई राहायची. मोठ्या गावातली निम्मीअधिक माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. तलाव भरला की वाट बुडणार, आणि टोल्यातून गावात यायचं तर जंगलातून डोंगराला वळसा घालून यायचं, म्हणजे सकाळी निघालेल्या माणसानं दिवस कलताना पोचायचं. पाळ पुरेशी खाली घेतली तर वाट वाचत होती. साहेबांनी तसं वर दोनदा कळवलं. वरून उत्तर आलं, पायवाट हे सदर मंजूर तक्त्यात नाही.

त्या दिवशी साहेब पहिल्यांदा आणि शेवटचं स्वतःबद्दल बोलले. भंडाऱ्याकडे त्यांनी एक तलाव बांधला होता. पहिल्यांदा भरला तेव्हा हारतुरे झाले, पेढे झाले. मग रोज दिवस मावळताना एक बैल पाण्याच्या कडेला येऊन उभा राहायचा. पाण्याखालून त्याची घराची वाट जायची. धनी दुसरीकडे राहायला गेला होता, पण बैल चुकून जुन्याच वाटेनं यायचा आणि पाण्याकडे बघत उभा राहायचा. "त्याले कोणी नकाशा दाखवला नव्हता," साहेब म्हणाले. नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

कमिटी यायची तारीख ठरली तशी साहेबांच्या डोक्यात एक भलतीच कल्पना आली. कमिटीला कागद दाखवायचे नाहीत, पाणी दाखवायचं. म्हणजे त्या दिवशी गावानं आणि टोल्यानं असं वागायचं की तलाव भरलेला आहे. रेघेच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही. तशी सभा त्यांनी गावच्या चावडीपुढे बोलावली.

"समजा, पाणी आहे," साहेब म्हणाले.

"पन पानी कुठी हाय?" एकानं विचारलं.

"नाही. पण समजा, आहे."

"जे नाई ते काऊन समजाचं, सायेब?"

हे बराच वेळ चाललं. साहेब घामाघूम झाले. शेवटी गावचा म्हातारा पुजारी खाकरला. "कायले गोंधळून राह्यले रे?" तो लोकांना म्हणाला. "सायेब बांधनी म्हनून राह्यले. सरळ सांगाचं ना, सायेब."

झाडीतल्या गावांत पेरणीआधी गाव बांधायची रीत आहे. पुजारी शिवेवर पूजा करतो, आणि मग दिवस मावळेपर्यंत शीव कोणी ओलांडायची नाही. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. पाहुणा आला तरी शिवेबाहेर झाडाखाली बसून राहतो आणि त्याचा कोणाला राग येत नाही. लोकांना एकदम उलगडा झाला. साहेबांना तर आभाळ ठेंगणं झालं. "हां, हां, तेच! बांधणीच!" ते म्हणाले.

इथेच चूक झाली. साहेबांना नाटकाची तालीम हवी होती, आणि तालीम हवी तेव्हा थांबवता येते. कमिटीला अर्धा तास गंमत दाखवायची, मग सगळ्यांनी वाटेनं पलीकडे जाऊन मोठ्या गावच्या शाळेत जेवायचं, असा त्यांचा बेत होता. खानसाम्याला त्यांनी कोंबड्या, तांदूळ घेऊन आधीच तिकडे धाडलं होतं. पण पुजाऱ्यानं त्या सकाळी चुन्याच्या रेघेवर नारळ फोडला, तांदूळ टाकले आणि खरीखुरी शीव बांधून टाकली.

कमिटीची जीप ढिवरटोल्याच्या बाजूनं आली, कारण रस्ता तिकडूनच होता. एक वनखात्याचे, एक महसूलचे, आणि नागपूरहून आमच्या खात्याचे बडे साहेब. बडे साहेब देहानं खरोखरच बडे होते आणि भूक लागली की त्यांचं इंग्रजी सुटून हिंदी सुरू व्हायचं. आमच्या साहेबांनी पँट दुमडून, काठावर उभं राहून सगळं दाखवलं. इथे पाणी, तिथे पाणी, ती पलीकडे माणसं उभी आहेत, ती येऊ शकत नाहीत. वनसाहेब हसले. महसूलवाल्यांनी घड्याळ पाहिलं. "ठीक है, समझ गए," बडे साहेब म्हणाले. "अब चलो, खाना."

"चला सर," म्हणत साहेबांनी पाऊल उचललं, तर टोल्याचा म्हातारा ढिवर आडवा आला.

"सायेब, बांधलं हाय."

"झालं ते आता. सोडा."

"आपन कोन सोडनारे? दिस बुडल्याशिवाय सुटत नाई."

साहेबांचा चेहरा मी जवळून पाहत होतो. आधी ते चिडले. मग घाबरले. आणि मग, कसं सांगू, त्यांच्या तोंडावर हळूहळू असा आनंद पसरला की जणू आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांचं म्हणणं खरं मानलं होतं. त्यांनी टाचा जुळवल्या. "सर, पलीकडे जाता येत नाही. पाणी आहे."

"अरे भाई," बडे साहेब ओरडले, "मेरा खाना उधर है, मैं इधर हूँ, और बीच में सूखा मैदान है!"

"बीच में तालाब है, सर."

आता नोकरी जाते, असं मला वाटलं. माझी नव्हे, त्यांची. पण तेवढ्यात पलीकडच्या काठावर कोणीतरी धोतराचा सोगा हलवत ओरडायला लागलं. वाऱ्यावर शब्द तुटक येत होते, पण टोल्याच्या बायकांना लगेच कळले. पुजाऱ्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि लक्षण बरं नव्हतं. सुईणबाईला धाडा म्हणत होते.

सुईणबाई घरातून गाठोडं घेऊन आली आणि रेघेपाशी थांबली. "सायेब," ती म्हणाली, "पानी हाय का नाई?"

साहेबांनी वाकून पँटचा एक पाय सरळ केला, मग दुसरा. इतक्या दिवसांत काठावर उभं असताना मी त्यांना हे करताना पाहिलं नव्हतं. "नाही, बाई," ते म्हणाले. "पाणीबिणी काही नाही. सगळा माझा खुळेपणा. तुम्ही जा."

पण बाई हलली नाही. "तुमचं पानी नसंन, सायेब. आमची बांधनी तं हाय ना? शीव मोडून गेली आन् त्या पोरीले काई झालं, तं जलमभर लोकं मलेच म्हनतीन. आन् मलेबी तसंच वाटंन." ती इकडेतिकडे बघत राहिली. तिचे हात गाठोड्याची गाठ सोडत होते, परत बांधत होते. मग एकाएकी ती टोल्यातल्या माणसांवर खेकसली, "अरे, पाहून काऊन राह्यले? पानी हाय ना? मंग डोंगा आना!"

डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली ढिवरांची होडी. चौघा ढिवरांनी ती खांद्यावर उचलून आणली. पण उचलणाऱ्यांचे पाय तर जमिनीला लागणारच, त्यांनी शीव मोडली तर? प्रश्न ओरडून पलीकडे विचारला गेला. पलीकडे प्रत्यक्ष पुजारी उभा होता, घरात त्याची लेक तळमळत होती. त्याचा निर्णय वाऱ्यावरून आला. "बाईचा पाय टेकू देऊ नका! ढिवराचं काई नाई! ढिवर पान्यातच असते!"

आणि निघाला डोंगा. वाळलेल्या रानातून, पळसांच्या मधून, चौघांच्या खांद्यावर. आत सुईणबाई ताठ बसलेली, डोक्यावर पदर, मांडीवर गाठोडं. म्हातारा ढिवर मागून बांबू जमिनीत रोवत, रेटत चालला होता, कारण बांबूशिवाय डोंगा चालत नाही हे त्याच्या हाडात होतं. साहेब काठावरून कापऱ्या आवाजात ओरडत होते, "चार फूट! सांभाळा! सात फूट!" वनसाहेबांनी हॅट काढून हातात घेतली होती. आता कोणी हसत नव्हतं.

डोंगा रिकामा परत आला. बडे साहेब त्याच्याकडे बघत होते. भूक मोठी वाईट गोष्ट. "मुझे ले जा सकते हैं?" त्यांनी विचारलं. चौघांना ते झेपेनात, सहा जण लागले. मागे मला बसवलं, त्यांची हॅट आणि कागद सांभाळायला. डोंगा डुलत निघाला तेव्हा बडे साहेबांनी कडा अशा गच्च धरल्या की खाली खरंच पाणी असावं. नाल्याजवळ, अगदी पायवाटेवर, माझ्या ओळखीचं ते मोहाचं झाड आलं. "रुको," बडे साहेब म्हणाले.

सहा माणसांच्या खांद्यावर, डोंग्यात बसून, त्यांनी वर पाहिलं. चुन्याचा पट्टा त्यांच्या डोक्याच्याही वर होता. त्यांनी हात उंच केला. पोचला नाही. मग खाली वाटेकडे पाहिलं. पायांनी मऊ झालेली माती, बैलांच्या खुरांचे ठसे.

"ये रास्ता कौन चलता है?"

"सारेच चालते, सायेब," पुढचा ढिवर ओझ्याखालून धापा टाकत म्हणाला. "आता बाई गेली ना."

शाळेत जेवण चालू असताना सुईणबाई हात धुवायला आली. मुलगी झाली, म्हणाली. नाळ मानेभोवती होती, थोडा उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या. बडे साहेबांनी पानात वाढलेली कोंबडी तशीच ठेवली आणि नुसता वरणभात खाल्ला.

दिवस मावळला, पुजाऱ्यानं शीव सोडली. मग बडे साहेब त्याच वाटेनं चालत परत आले. आमचे साहेब दिवसभर उपाशी, रेघेपाशी धोंड्यावर बसलेले. त्यांना पाहून उठले.

"दीवार कितनी नीचे लें तो ये रास्ता बचेगा?"

साहेबांना कागद उघडावा लागला नाही. त्यांनी आकडा सांगितला, आणि वर हेही सांगितलं की खालच्या अंगाची काही शेतं पाण्यावाचून राहतील, ते लोक शिव्या देतील. माणूस खरं बोलायचा.

"देने दो," बडे साहेब म्हणाले.

पाळ खाली आली. शेतं कोरडी राहिली, शिव्या पडल्या, आणि साहेबांची बदली सिरोंच्याला झाली. बड्या अधिकाऱ्याला डोंग्यात बसवल्याची ती शिक्षा, असं ऑफिसात बोलत. साहेबांना तसं वाटलं नाही. "तिकडे प्राणहिता आहे, गोदावरी आहे," ते मला म्हणाले. "चुना भरपूर लागेल." गाडीत चढायच्या आधी त्यांनी सवयीनं पँट दुमडली. सारं गाव आणि टोला काठापर्यंत आला होता. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण त्यांनी पाय मागे घेतले आणि विचारलं, "कोरडे ना?" मी मान हलवली. डोळे मात्र कोरडे नव्हते.

पुढे ते नागपूरला वारले. मला कळायला उशीर झाला. कळलं तेव्हा मी गोंडपिपरीकडे होतो. रजा टाकली आणि सरळ त्या तलावावर गेलो. दुसरीकडे कुठे जावं हे सुचलं नाही.

तलाव तुडुंब भरलेला होता. वाटेच्या कडेला, पाण्यापासून हातभरावर, सुईणबाई बसली होती. फार थकली होती. तिनं मला ओळखलं ते साहेबांचा माणूस म्हणून.

"बुडीतसायेब कोरडे हायेत ना?" तिनं विचारलं.

"गेले, बाई," मी म्हणालो.

दिवस मावळत होता. टोल्याकडून बैल घरी यायला लागले होते. पाण्याच्या अगदी कडेनं, एकामागे एक, ओळखीच्या वाटेनं. एकही थांबला नाही, एकानंही पाण्याकडे मान वळवली नाही. ते समोरून गेले तेव्हा बाई वाकली आणि जवळच्या बैलाच्या खुराला तिनं हात लावून पाहिला.

"कोरडे हायेत, भाऊ," ती म्हणाली. "सारेच कोरडे हायेत."